चौथा फोटो

लेन्स कधी खोटं बोलत नाही असं जो म्हणतो, त्याने आयुष्यात एकही लेन्स उघडलेली नसते. मी तीन हजारांच्या वर उघडल्या आहेत. प्रत्येक लेन्स थोडं थोडं खोटं बोलते, आणि ते पकडून सरळ करणं हाच माझा धंदा. सांगलीत वाचनालयाच्या घड्याळासमोर, पहिल्या मजल्यावर, आमचं दुकान होतं. आमचं म्हणजे अण्णा आरवाड्यांचं आणि माझं.

अण्णांकडे मी तेविसाव्या वर्षी शिकायला आले. स्क्रू-ड्रायव्हर कसा धरायचा ते त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं: पेन धरतेस तसा धर, लाटणं धरतेस तसा नको. मला तेव्हा पोळ्या येत नव्हत्या, पण ते बोलून दाखवायची सोय नव्हती. माझे वडील लवकर गेले होते, म्हणून माझं कन्यादान अण्णांनी आणि काकूंनी केलं. त्या दिवसापासून श्रीरंगला, माझ्या नवऱ्याला, ते जावईबापू म्हणू लागले. श्रीरंग पुलांचा तपासनीस होता. त्याच्याकडे एकशे बारा पूल होते आणि एक साक्षी कॅमेरा.

साक्षी कॅमेरा आला त्याआधीची चार-पाच वर्षं ज्यांनी पाहिली त्यांना जास्त सांगायला नको. घरी बसून कुणीही कशाचाही फोटो बनवत होतं आणि तो खरा की बनावट हे जाणकारांनाही सांगता येत नव्हतं. कोर्टांनी फोटो बघणंच सोडून दिलं. मग दोन हजार सदतीस साली कायदा झाला, की सरकारी तपासणीचे फोटो फक्त साक्षी कॅमेऱ्यानेच काढायचे.

त्यातली युक्ती साधी आहे. फोटो म्हणजे शेवटी आकडेच, कोट्यवधी आकडे. बटण दाबल्याबरोबर कॅमेरा ते सगळे आकडे, तारीख आणि वेळ एका ठरलेल्या रीतीने एकमेकांत मिसळत, पिळत नेतो आणि शेवटी चौसष्ट अक्षरांची एक ओळ उरते. ती म्हणजे पडताळा-अंक. त्यावर कॅमेऱ्याच्या आतली चिप आपली गुप्त मोहोर उठवते. नंतर कुणी फोटोतला एक ठिपका जरी बदलला, तरी पुन्हा पिळून काढलेला अंक पार वेगळा येतो आणि चोरी उघडी पडते. एका दिवसाचे फोटो एकमेकांत साखळीसारखे गुंतवलेले असतात, म्हणजे मधला एखादा काढून टाकता येत नाही. दुसऱ्या दिवशी नवी साखळी सुरू होते.

लोकांना वाटलं, आता फोटो म्हणजे ब्रह्मवाक्य. मलाही वाटलं, आणि मी तर या धंद्यातली होते. डब्याला लावलेलं सील एवढंच सांगतं, की वाटेत डबा कुणी उघडला नाही. आत भाजी ताजी भरली होती की शिळी, ते सील सांगत नाही. पडताळा-अंकाचंही तसंच आहे. फोटो काढल्यापासून बदललेला नाही, एवढं तो छातीठोकपणे सांगतो. कधी काढला याबाबत तो कॅमेऱ्याच्या घड्याळावर विश्वास ठेवतो. आणि ते घड्याळ फक्त एका जागी उघडता येतं, वर्षातून एकदा, परवानाधारक दुकानात, दुरुस्तीच्या किल्लीने. आमच्या दुकानाची किल्ली अण्णांच्या जानव्याला असावी तशी कायम त्यांच्या गळ्यातल्या दोरीला असायची.

श्रीरंगचा कॅमेरा सप्टेंबरात वार्षिक सर्व्हिसला आला. आमची वाटणी ठरलेली होती. लेन्स मी उघडायची, इलेक्ट्रॉनिक्स आणि घड्याळ अण्णांनी बघायचं, आणि वर्षभराचे फोटो उतरवून सरकारच्या पडताळणी केंद्रात जमा करायचे तेही त्यांनीच. जमा झालेले फोटो कुणी बघत नसे. किती आले तेवढं मोजत, आणि तपासनिसाने लिहिलेल्या अहवालावर काम चालत असे. बारा सप्टेंबरला मी लेन्स साफ करून बसवली.

इथे मला लेन्सबद्दल थोडं सांगावं लागेल, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बहुतेक लेन्स दूरचं बघण्यासाठी बेतलेली असते. तिला वस्तूच्या फार जवळ नेलं की चित्राचा मध्य नीट येतो, पण कडा दुधाळ होतात, कारण काठावरून येणारे किरण मधल्या किरणांबरोबर एका जागी येऊन मिळत नाहीत. यावर उपाय म्हणून आतल्या तीन भिंगांचा एक संच वेगळा ठेवतात. फोकस जवळ आणला की बाकीची भिंगं एका चालीने सरकतात आणि हा संच तिरप्या खाचेतून आपल्या वेगळ्या चालीने सरकतो. आम्ही त्याला तरंगता संच म्हणतो. त्याच्यामुळेच वितीवरून काढलेल्या भेगेचा फोटो कडेपर्यंत स्वच्छ येतो. संचाखाली एक पितळी चकती असते, नखापेक्षा पातळ. तिची एक बाजू किंचित तासलेली असते आणि ती पुढे यावी लागते. उलटी बसली तर दूरचं काहीही बिघडत नाही, कारण दूर बघताना संच मागे टेकलेलाच असतो. जवळ येताना मात्र तो केसभर मागे राहतो.

जवळची चाचणी घ्यायला बारीक रेघांचा तक्ता लावा, दिवे लावा, अर्धा तास मोडतो. अण्णांची रीत वेगळी होती. लेन्स बसवली की खिडकीतून समोरच्या वाचनालयाच्या घड्याळावर रोखायची. सेकंदकाटा सुईसारखा दिसला की पावतीवर सही. बावीस वर्षं मी तशीच सही करत आले, आणि एकदाही तक्रार आली नव्हती. त्या दिवशीही काटा सुईसारखा दिसला.

एक ऑक्टोबरला सकाळी श्रीरंगच्या एकशे बारांतला भिलारवाडीचा पूल खचला. दुधाचा टँकर पुलावर होता. सिकंदर मुलाणी नावाचा चालक जागीच गेला, त्याला दोन मुली होत्या.

चौकशी लागली तेव्हा श्रीरंग घाबरला नव्हता. हे मला नीट आठवतं, कारण मीच घाबरले होते. तो म्हणाला, चौदा एप्रिलला मी तिसऱ्या गर्डरचे तीन फोटो काढलेत, भेग केसाएवढी होती, अहवालात तेच लिहिलंय. त्यानंतर उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात पुलावरून शेजारच्या रस्त्याच्या कामाचे खडीचे डंपर चालले, क्षमतेच्या दुप्पट भरून. ते त्या ठेकेदाराला विचारा. त्याचं म्हणणं मला पटलं होतं.

केंद्राने चौदा एप्रिलचे जमा फोटो उघडून बघितले. तीन नव्हते, चार होते. पहिल्या तिनांत भेग केसाएवढी. चौथ्यात, त्याच गर्डरची, दोन हात पलीकडची बाजू, शेजारी ठेवलेल्या स्टीलच्या पट्टीवर तीन मिलिमीटर रुंद. म्हणजे तपासनिसाने एप्रिलमध्येच धोकादायक भेग बघितली, फोटो काढला आणि अहवालात दडपली. डंपरांचा प्रश्नच मिटला.

कॅमेऱ्याची सर्व्हिस आमच्याकडची, म्हणून अंक पडताळून दाखला द्यायचं काम आमच्या दुकानाकडे आलं. अण्णा म्हणाले, तुझ्या नवऱ्याची केस आहे, तू लांब राहा, मी करतो. मी ऐकलं नाही. मला खात्री होती, की अंक जुळणार नाही आणि ते सगळ्या जगाला मीच सांगेन. मी चौथा फोटो यंत्रात घातला. चौसष्टच्या चौसष्ट अक्षरं जुळली. पुन्हा घातला, तिसऱ्यांदा घातला. मोहोर त्याच कॅमेऱ्याची, साखळी अखंड, तारीख चौदा एप्रिल. दाखल्यावर मी सही केली, कारण दुसरं काही करणं खोटेपणाचं झालं असतं. त्या वेळी मला माझ्या प्रामाणिकपणाचा अभिमानही वाटला, हे आज लिहिताना लाज वाटते.

घरी आल्यावर मी श्रीरंगला विचारलं, “चौथा कधी काढलास?”

तो भाजी निवडत होता. त्याने वर पाहिलं. “मी तीन काढले, मृणाल.”

मी त्याला पडताळा-अंक समजावून सांगायला लागले. वीस वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला त्या माणसाला मी गणित समजावत होते. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि भाजी निवडत राहिला. तो निलंबित झाला, मग अटक, मग जामीन. जामिनावर सुटल्यावर तो घरी आला नाही, बहिणीकडे विट्याला गेला. जाताना मला त्याने एवढंच निरोपाने कळवलं, की घरातल्या कुंड्यांना पाणी घाल.

त्या महिन्यांत अण्णा माझ्यासाठी रोज काकूंच्या हातचा डबा आणत. मी जेवले नाही तर समोर बसून जेववत. म्हणत, “पोरी, माणूस घसरतो गं. जावईबापू वाईट नाहीत, कुणाच्या तरी दबावाखाली आले असतील. आपण सांभाळून घ्यायचं.” मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले आहे. एकदा नाही, बरेचदा.

मे महिन्यात कदम नावाचा नवा तपासनीस दुकानात आला. श्रीरंगचाच कॅमेरा आता त्याला दिला होता. त्याची तक्रार अशी, की दूरचे फोटो झकास येतात, पण भेगेच्या जवळ गेलं की कडा पुसट होतात, पट्टीवरचे शेवटचे आकडे वाचता येत नाहीत. मी जरा वरच्या सुरातच सांगितलं, की ही लेन्स मी स्वतः बसवली आहे, तुमचा हात हलत असेल. तो बिचारा निमूटपणे कॅमेरा ठेवून गेला.

अण्णा बाहेर गेले होते. मी तक्ता लावला, दिवे लावले आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा अर्धा तास मोडला. कदमचं खरं होतं. लेन्स उघडली. तरंगत्या संचाखालची चकती उलटी होती. मी बसवलेली, माझ्या हातांनी. आधी फक्त ओशाळल्यासारखं झालं, आता कदमची माफी मागायला हवी असं मनात आलं.

आणि मग मला चौथ्या फोटोतली पट्टी आठवली. मी तो फोटो शंभर वेळा पाहिला होता, पण दर वेळी भेगच पाहिली होती, मधली. पट्टीच्या टोकाचे आकडे पसरलेले होते. मी पहिले तीन फोटो पडद्यावर बघितले, तर कडेपर्यंत एकेक आकडा कोरल्यासारखा. चौथा बघितला, तर चारही कोपरे दुधाळ. त्याच दिवशी, त्याच कॅमेऱ्याने, तेवढ्याच अंतरावरून काढलेले फोटो.

एप्रिलमध्ये चकती सरळ होती. ती मी बारा सप्टेंबरला उलटी केली. म्हणजे चौथा फोटो बारा सप्टेंबरनंतर काढला होता, घड्याळ मागे नेऊन आणि चौदा एप्रिलच्या साखळीला शेवटची कडी म्हणून जोडून. चौदाला फोटो केंद्रात जमा झाले. मध्ये एकच दिवस होता, तेरा सप्टेंबर, आणि त्या दिवशी कॅमेरा अण्णांकडे होता. दुपारी ते मिरजेला दातांच्या डॉक्टरकडे जाऊन येतो म्हणून गेले होते. जाताना खांद्याला पिशवी होती. मीच ती त्यांच्या हातात दिली होती.

खुर्चीत बसून मी समोरच्या घड्याळाकडे बघत राहिले. सात महिने मी श्रीरंगवर संशय घेऊ शकले, आणि घड्याळाच्या किल्लीवर एकदाही घेऊ शकले नाही, कारण ती अण्णांच्या गळ्यात होती.

अण्णा आले तेव्हा मी चारही फोटो मोठे करून टेबलावर ठेवले होते, आणि शेजारी थाळीत चकती. काही बोलावं लागलं नाही. तो माणूस माझ्यापेक्षा कितीतरी चांगला कारागीर होता, त्याला कोपरे बघून चकती कळली आणि चकती बघून सगळं कळलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“कडा बघायला हव्या होत्या,” ते म्हणाले. “मी भेगच बघत होतो.”

मग त्यांनी सांगितलं. त्यांचा मुलगा प्रसाद त्या ठेकेदाराकडे इंजिनिअर होता. डंपर त्यानेच पुलावरून काढले होते. सप्टेंबरात गर्डर चिरलेला दिसला तेव्हा तो रडत बापाकडे आला. पूल बंद करा म्हणावं तर का, कशामुळे, असं कुणीतरी विचारणार. त्याऐवजी भेग आधीपासूनच होती असं दाखवून ठेवायचं, म्हणजे पुढेमागे काही झालं तर बोट दुसरीकडे जाईल. अण्णांना वाटलं होतं, की दिवाळीनंतर दुरुस्ती निघेल आणि तो फोटो कुणी बघणारही नाही.

मी दिवस मोजले होते. तेरा सप्टेंबर ते एक ऑक्टोबर. “अठरा दिवस, अण्णा. तुम्ही पट्टी लावून ती भेग मोजलीत. नंतरचे अठरा दिवस त्या पुलावरून माणसं जात होती.”

त्यांनी चारही फोटो एकावर एक रचले.

“आणि श्रीरंग?”

“प्रसाद माझा मुलगा आहे गं.”

“आणि मी?”

“तू मुलीसारखी,” अण्णा म्हणाले. मग त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं, कारण ते थांबले. सात महिने या माणसाने मला डबा भरवला होता. मला सांगा, त्या डब्यांचं मी काय करायचं? ते परत करता येत नाहीत.

थोड्या वेळाने ते शांतपणे, शिकवायच्या सुरात बोलू लागले. म्हणाले, नीट विचार कर. हे सांगायचं तर चकती तू उलटी बसवलीस हे आधी सांगावं लागेल. परवाना जाईल. या कॅमेऱ्याने सप्टेंबरनंतर काढलेला प्रत्येक फोटो पुन्हा तपासायला लागेल. मग लोक विचारतील, या बाईने अजून किती लेन्स घड्याळावर बघून सोडल्या? बावीस वर्षांच्या सगळ्या उघडाव्या लागतील. आणि एवढं करून समोर काय आहे, तर अंक जुळतोय, त्यावर तुझीच सही आहे. पुसट कोपऱ्यांवर कोण विश्वास ठेवणार?

त्यातला शब्दन् शब्द खरा होता. मी कॅमेरा पिशवीत भरला, चकती डबीत घातली आणि जिना उतरले. त्या दुकानात मी परत गेले नाही.

सुनावणी जूनमध्ये झाली. मी चौकशी समितीपुढे टेबलावर एक कापड अंथरलं, लेन्स उघडली, आणि तक्त्याचे तीन फोटो काढून दाखवले: चकती उलटी, चकती सरळ, पुन्हा उलटी. केंद्राच्या यंत्राने चौथ्या फोटोच्या कोपऱ्यांतला पसरटपणा मोजला. कुठल्याही दोन लेन्स सारख्या बिघडत नाहीत. ही बिघडली होती तशी हीच बिघडू शकत होती. मग मी सर्व्हिसची पावती दिली. तारीख बारा सप्टेंबर, अक्षर माझं, सही माझी.

अध्यक्षबाईंनी विचारलं, “चकती कुणी बसवली?”

“मी.”

“जवळची चाचणी घेतली होती?”

“नाही. घड्याळावर बघितलं.”

“याचे परिणाम तुम्हाला माहीत आहेत?”

मी होय म्हटलं. मागच्या बाकावर सिकंदर मुलाणीची बायको तिच्या थोरल्या मुलीला घेऊन बसली होती. अण्णा भिंतीशी उभे होते. त्यांना बसायला खुर्ची होती, ते बसले नाहीत. नाव पुकारल्यावर त्यांनी काहीही नाकारलं नाही. गळ्यातली किल्ली काढून टेबलावर ठेवताना त्यांना दोरीची गाठ सुटेना, आणि माझा हात सवयीने पुढे गेला. मी तो मागे घेतला.

श्रीरंगवरचा खटला मागे घेतला गेला. माझा परवाना त्याच आठवड्यात रद्द झाला. आमच्या दुकानातून गेलेल्या साक्षी कॅमेऱ्यांच्या चारशे एक्केचाळीस लेन्स परत मागवल्या. त्यांत आणखी दोन चकत्या उलट्या निघाल्या, एक माझी आणि एक मी रजेवर असताना अण्णांनी बसवलेली.

मी विट्याला गेले. निकालाची प्रत नेली होती, जणू माहेरचा आहेर. नणंदबाईंनी चहा ठेवला आणि त्या आतल्या खोलीत गेल्या. श्रीरंग पडवीत खुर्चीवर बसला होता. केस बरेच पांढरे झाले होते. मी त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं, चकती, कोपरे, तेरा तारीख, अण्णा. त्याने प्रत नीट वाचली, घडी केली, खिशात ठेवली. तू परवाना घालवलास माझ्यासाठी, असं म्हणाला. मला बरं वाटलं. आता घरी चल म्हणावं असं ओठांवर आलं होतं.

“एक विचारू?” तो म्हणाला.

“विचार ना.”

“ती चकती सरळ बसली असती तर?”

मला आधी कळलं नाही. मी म्हणाले, तर पुरावा सापडला नसता.

“पुरावा राहू दे. तू काय मानलं असतंस?”

पडवीत ऊन आलं होतं. मी खोटं बोलू शकले असते, आणि त्याने ते मानलंही असतं, कारण तो माझं सगळं मानत आला होता. चकती सरळ बसली असती तर चौथ्या फोटोचे कोपरे स्वच्छ आले असते, अंक जुळलाच होता, आणि मी आयुष्यभर याला गुन्हेगार समजून, मोठ्या मनाने माफ करून, याच्याबरोबर राहिले असते.

“चौथा फोटो खरा आहे, असंच मानलं असतं,” मी म्हणाले.

त्याने मान हलवली. मग तो उठला, त्याचा आणि माझा कप उचलला, माझा अजून अर्धा भरलेला होता, आणि आत जाता जाता त्याने विचारलं, की कुंड्यांना पाणी घालतेस ना.

मी म्हटलं, रोज घालते.

“घालत राहा,” तो म्हणाला, आणि आत गेला.